विंचू चावला तर गप्प बसू नका



रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र पाहण्यास जाणाऱ्या सभासदांस आम्ही एकच सांगतो : कोकणातला लाल विंचू हलक्यात घेऊ नका. तो आपल्या पाचटाखाली, बांधाच्या दगडाखालीही असतो.

महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रुजू झाले. विंचूदंशाचे रोगी धाप लागून दगावत. डॉक्टरांनी उशाशी बसून एकेक लक्षण टिपले. रक्तदाबावरील प्राझोसिन गोळीने जीव वाचू लागले. १९८६ साली ‘लॅन्सेट’ने ते छापले.

मांत्रिकापायी वेळ दवडू नका, १०८ ला फोन करा. तातडीच्या विभागात गर्दी पाहून आपला माणूस संकोचतो. डॉक्टर रागावतील म्हणून गप्प राहतो. तसे करू नका. किती वाजता चावला, घाम फुटला का, उलट्या किती, हातपाय गार पडलेत का, ते धडाधडा सांगा. कळ कमी पण घाम भरपूर, हे धोक्याचे लक्षण! कळ थांबली म्हणून घरी पळू नका. गोळी मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी.

पाचट हाताने ओढण्याआधी काठीने हलवा, पायात बूट घाला. ऊस पुन्हा लावता येतो, माणूस नाही.