सायकल मापाची हवी

बैल घेताना आपण दात पाहतो, खांदा पाहतो, चालवून पाहतो. जुनी सायकल घेताना मात्र घंटी वाजवतो, रंग पाहतो आणि पैसे मोजतो. असे करू नये. सायकल आपल्या मापाची आहे का, हे आधी पाहावे.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात जुन्या काळ्या सायकली अजून दिसतात. पूर्वी रॅले, हर्क्युलिस विलायतेहून येत. पुढे 1951 साली सोनीपतला अ‍ॅटलासचा आणि 1956 साली लुधियानाला हीरोचा कारखाना निघाला. या काळ्या सायकलींची चाके बहुधा 28 इंची. म्हणून लांबून सगळ्या सारख्याच वाटतात. पण एकीचा सांगाडा 20 इंच, दुसरीचा 22, तर तिसरीचा 24 इंच असतो. पायडलचा आस बसतो तिथून सीटखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत हे माप मोजतात.

आता आपले माप घ्या. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा. जांघेपासून जमिनीपर्यंत सुतळी धरा, गाठ मारा. ती खिशात घालून बाजारात जा. सायकल सरळ उभी करा. जमिनीपासून आडव्या नळीपर्यंत सुतळी लावा. नळी गाठीच्या खाली इंच-दोन इंच राहिली पाहिजे. मग नळीवरून पाय टाकून, दोन्ही टाचा टेकवून पाहा.

नळी उंच असली तर काय होते? तुळजापूरच्या घाटात पुढे गाडी आडवी आली, तुम्ही ब्रेक दाबून पाय टेकायला गेलात, की पाय पोचत नाही. नळीचा मार जांघेत बसतो, तोल जातो.

सीट खालीवर करता येते, नळी येत नाही. सीटवर बसून खालच्या पायडलवर टाच ठेवा. पाय सरळ झाला की सीट बेताची. चालवताना चवडा ठेवावा, म्हणजे गुडघा थोडा वाकतो. सीट फार खाली असली तर गुडघे दुखतात. सीटची दांडी मात्र अडीच इंच तरी नळीत राहू द्या.

“पोरगं वाढतंय, मोठीच घेऊ,” असे पुष्कळ जण म्हणतात. सदरा मोठा असला तर बाही दुमडता येते. सायकल दुमडता येत नाही. पोर मग नळीखालून पाय घालून हाप पायडल मारते आणि पडते. पोरासाठी सायकल घ्यायची, तर पोराच्या मापाची सुतळी न्या. लुगडे नेसणाऱ्या बाईसाठी खाली झुकलेल्या नळीची सायकल सोयीची.

अंथरूण पाहून पाय पसरावे, म्हणतात. इथे उलटे आहे. आधी पाय पाहावे, मग सायकल घ्यावी. घासाघीस त्यानंतर.