पाच नंबरांचं गाव

डोंबिवलीहून अंबरनाथ लोकल पकडली की ठाकुर्ली, कल्याण आणि मग विठ्ठलवाडी. इथून पुढे रिक्षावाल्याला नुसतं ‘उल्हासनगर’ सांगून भागत नाही. तो विचारतो, ‘कुठला नंबर?’ एक ते पाच, हे नंबर कॅम्पांचे आहेत. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेली ही छावणी युद्ध संपल्यावर ओस पडली होती. फाळणीनंतर तिच्यात सिंधी कुटुंबं आली.

त्यांतली बरीचशी कराचीहून बोटीने मुंबईच्या गोदीत उतरली. ६ जानेवारी १९४८ला कराचीत दंगल झाली आणि ही रीघ फारच वाढली. त्याच वर्षी मुंबई सरकारने निर्वासितांसाठी कायदा करून नोंदणी सक्तीची केली. वर्षभरापूर्वी स्वतःच्या पेढीवर बसणारा माणूस आता नाव नोंदवून शिध्याच्या रांगेत उभा राहिला.

१९५१च्या जनगणनेत इथे ८०,०००च्या आसपास माणसं मोजली गेली. एवढ्या माणसांचं जेवण म्हणजे काय, ते आजच्या मापाने पाहू. संकटकाळी माणशी दिवसाला सुमारे २,१०० कॅलरी धरतात. त्यासाठी धान्य साधारण ४०० ग्रॅम, शिवाय डाळ, तेल, मीठ. म्हणजे नुसतं धान्यच रोज ३२ टन, दहा टनी ट्रक तीन भरून वर थोडं उरेल इतकं. आणि कोरडा शिधा म्हणजे जेवण नव्हे. त्याला सरपण लागतं, पाणी लागतं, तवा-पातेली लागतात. सैनिकांच्या बराकीत घरटी स्वयंपाकघर कुठून असणार? लांबलचक दालनात साड्या नाहीतर गोणपाट टांगून संसार वेगळे केलेले, आणि चूल जागा मिळेल तिथे.

फुकट शिध्यावर तेव्हाही वाद होता. काम केल्याशिवाय निर्वासितांनी खाऊ नये, असं गांधीजी दिल्लीत सांगत होते. सगळं गमावून आलेल्याला हे कडवट वाटलं असेल, पण सरकारचं धोरणही हळूहळू तिकडेच वळलं. धडधाकट माणसांचा शिधा आवरता घ्यायचा, निराधार बायका आणि वृद्ध यांना सांभाळायचं. याच काळात, ८ ऑगस्ट १९४९ला, गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी छावणीचं उल्हासनगर असं नामकरण केलं.

शिधा थांबला तरी गाव तरलं, याचं श्रेय सिंधी माणसाच्या धंदेवाईक रक्ताला देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हे अर्धंच खरं. घरी पापड लाटणाऱ्या, लोणची घालणाऱ्या बायका, लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकणारी पोरं, यांची मेहनत होतीच. पण मालाला मुंबईचं गिऱ्हाईक होतं, दाराशी रेल्वे होती आणि मुख्य म्हणजे हे लोक या देशाचे नागरिक होते. दुकान टाकायला त्यांना कुणी अडवणार नव्हतं.

आता अलीकडच्या छावण्यांकडे पाहू. जॉर्डनमधल्या झाटारीत २०१२पासून सीरियन निर्वासितांची छावणी आहे. तिची वस्ती बरीच वर्षं साधारण १९५१च्या उल्हासनगराएवढीच, ८०,०००च्या घरात होती. तिथेही दुकानांचा अख्खा रस्ता उभा राहिला. २०१६मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाची मदत घेणारे तिथल्या दुकानात डोळ्याची बुबुळं यंत्राला दाखवून किराणा घेऊ लागले. घरात काय शिजणार हे निदान बाईच्या हातात राहतं, म्हणून बांधलेल्या पिशवीपेक्षा ही सोय मला बरी वाटते.

बांगलादेशात कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावण्यांत मात्र गोष्ट वेगळी. २०२३च्या सुरुवातीला तिथली अन्नमदत माणशी महिना १२ डॉलर होती. देणगीदारांचा पैसा आटला तशी मार्चमध्ये ती १० झाली आणि जूनमध्ये ८. या लोकांना छावणीबाहेर रीतसर काम करायला परवानगी नाही. उल्हासनगरात शिधा कमी झाल्यावर पापडाची टोपली घेऊन माणूस मुंबईच्या गाडीत चढू शकत होता. रोहिंग्यांना कुंपणाबाहेर पडायलाच बंदी आहे.