सावली सरली, काचा उरल्या

शनिवार, २२ जानेवारी १८९८. पौष अमावास्येचा दिवस. भर दुपारी चंद्राची सावली कोकणच्या किनाऱ्यावर उतरली आणि सह्याद्री ओलांडून ईशान्येकडे धावत गेली. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर व वऱ्हाडातील तळणी या रेल्वेमार्गावरील दोन गावी देशोदेशींचे निरीक्षक तळ ठोकून बसले होते. नकाशावर या दोन गावांना जोडणारी रेषा ओढली, तर ती आजच्या परभणी जिल्ह्यातील सेलू-जिंतूरच्या परिसरातून जाते. म्हणजे त्या दुपारी ज्वारीच्या राखणीला बसलेल्या इथल्या शेतकऱ्यांवरही ती सावली पडली असली पाहिजे. तथापि खग्रास सूर्यग्रहणांच्या इतिहासात नाव राहिले ते जेऊरचे आणि तळणीचे. कारण उघड आहे. आकाश सर्वांचे एकच होते; परंतु त्या दोन गावी कॅमेरे होते, काचा होत्या आणि वेळेची नोंद करणारी माणसे होती.

जेऊरच्या माळावर उभ्या असलेल्या या माणसांत एक नाव विशेष स्मरणात ठेवण्याजोगे आहे. ते म्हणजे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचे. १८५७ साली जन्मलेले कावसजी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात पदार्थविज्ञान व रसायन शिकले आणि पुढे तेथेच अध्यापन करू लागले. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी तेथील प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने तितकीच भर घातली. १८८४ साली कावसजी इंग्लंडला गेले, तेथील ज्योतिर्विदांना भेटले आणि या पैशातून वेधशाळाच उभारावी असे त्यांच्या मनाने घेतले. पुढे त्यांची बदली पुण्यास झाली. १८८८ साली तेथील महाविद्यालयाच्या आवारात ‘महाराज तख्तसिंहजी वेधशाळा’ उभी राहिली. तिच्यातील वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती.

केवळ मोठी दुर्बीण मिळाली म्हणजे कोणी शास्त्रज्ञ होत नाही. कावसजींना ज्या साधनाचा ध्यास होता ते साधन वर्णपट आणि छायाचित्र हे होते. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या प्रकाशात दिसणारी एक ठळक रेषा मॅग्नेशियमशी संबंधित आहे, असे त्या वेळचे ख्यातनाम इंग्रज ज्योतिर्विद नॉर्मन लॉकियर यांचे मत होते. कावसजींनी पुण्याहून वेध घेऊन १८९१ साली दाखवून दिले की ती रेषा नेहमीच बारीक व रेखीव दिसते. लॉकियर म्हणतात तशी एका बाजूस विरत जात नाही. वसाहतीतील एका महाविद्यालयाचा शिक्षक साम्राज्याच्या राजधानीतील अधिकारी पुरुषाचे मत निरीक्षणाच्या बळावर बाजूस सारतो, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती.

खग्रास ग्रहणात सूर्यबिंब पूर्ण झाकले गेले की त्याभोवती मोतिया रंगाचा प्रभामंडल प्रकट होतो. जेऊरला हा काळ जेमतेम दोन मिनिटांचा होता. एवढ्या अवधीत हाताने चित्र काढावे तर शेजारी उभ्या असलेल्या दोघांची चित्रे एकमेकांशी जुळत नसत. म्हणूनच रासायनिक लेप दिलेल्या काचेला महत्त्व आले. कोणी झडप उघडायची, कोणी सेकंद मोजायचे, कोणी काच बदलून पुढची द्यायची, याची रंगीत तालीम अगोदर करावी लागे. वर्षानुवर्षांची तयारी एका चुकलेल्या हातामुळे वाया जाई. पुण्यावर प्लेगचे सावट असताना कावसजींनी ही तयारी केली आणि ग्रहणाचे वेध यशस्वीपणे घेतले. १९०२ साली त्याचा अहवाल ग्रंथरूपाने मुंबईस प्रसिद्ध झाला.

जेऊरलाच अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांचे पथक होते. तळणीला आलेल्या ब्रिटिश हौशी ज्योतिर्विदांच्या पथकात ॲनी माँडर ही स्त्री होती. ग्रीनिच वेधशाळेतील तिची नोकरी लग्न झाल्यामुळे सुटली होती, तरी आकाशाची ओढ सुटली नव्हती. तिने एका लहान कॅमेऱ्याने प्रभामंडलाचा असा एक लांब किरण टिपला, की तितका लांब किरण त्यापूर्वी कोणाच्याही छायाचित्रात आला नव्हता. पगार नाही, पद नाही; पण काच आहे आणि नजर आहे. हौशी माणसाचे मोल काय असते, हे वऱ्हाडातील त्या आडगावी सिद्ध झाले.

नोंद नसली किंवा असून कोणी वाचली नाही, की दंतकथा कशी वाढते याचे उदाहरणही याच ग्रहणाने पुरवले आहे. स्वतः लॉकियर १८९८ साली विजयदुर्ग किल्ल्यावर आले होते. त्यांच्या उपकरणांसाठी बांधलेले चौथरे ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जातात. पुढे लोकस्मृतीने या भेटीची सांगड १८६८ च्या ग्रहणाशी घातली आणि हेलियमचा शोध लॉकियर यांनी विजयदुर्गावरून लावला, असे सांगितले जाऊ लागले. वस्तुतः १८६८ च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि लॉकियर इंग्लंडमध्ये. त्यांनी ती पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिकडूनच पाहिली. विजयदुर्गाला १८९८ चा खरा मान असताना १८६८ चा उसना मान देण्याची गरज नाही. परंतु मूळ कागद उघडून पाहण्याचा कंटाळा हा आपला जुना दोष आहे.

कावसजींच्या कार्याची अखेर मात्र मनाला चटका लावणारी आहे. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद झाली. तिची उपकरणे दक्षिणेत कोडाईकनालला गेली. १९३८ साली कावसजी निवर्तले. पुण्यात विद्यार्थी होते, इमारत होती, परंपरा होती. पण ते काम पुढे चालवील अशी व्यवस्था नव्हती. वेधशाळा एका माणसाच्या खांद्यावर उभी होती. तो खांदा दूर होताच ती खाली आली.

याच्या उलट चित्र हैदराबादला दिसते, आणि परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने ते इथल्या वाचकाला परके नाही. नवाब जफर जंग या आकाशप्रेमी सरदाराने १९०१ साली स्वतःच्या जागेत पंधरा इंची दुर्बीण बसवून वेधशाळा सुरू केली. १९०७ साली त्याचा मृत्यू झाला. परंतु आपल्यामागे सरकारने ती चालवावी अशी इच्छा त्याने नोंदवून ठेवली होती. १९०८ साली संस्थानाने ती ताब्यात घेतली आणि पुढे ती उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. साऱ्या आकाशाचे छायाचित्रण करण्याच्या आंतरराष्ट्रीय योजनेत निजामिया वेधशाळेने आपला वाटा उचलला आणि सात लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने बारा खंडांत प्रसिद्ध केली. संस्थापक गेला, तरी काचा मोजणारे हात थांबले नाहीत. दोन माणसांच्या प्रतिभेत नव्हे, तर मागे ठेवलेल्या व्यवस्थेत हा फरक आहे.

हा विचार आज परभणीकरांनी करण्यास एक विशेष निमित्त आहे. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच असलेल्या औंढा नागनाथ परिसरात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभारली जात असून २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला अंतिम मंजुरी दिली. विश्वाच्या दूरच्या कोपऱ्यातील हालचाल टिपणारे यंत्र आपल्या वेशीपर्यंत येत आहे. अशा वेळी वेशीच्या आतील माणसांनी आकाशाशी जोडलेले नाते कोण जपणार, हा प्रश्न विचारला पाहिजे.

गावोगावच्या छायाचित्रकारांकडे लग्नमुंजींच्या निगेटिव्हांबरोबर पूर, दुष्काळ, यात्रा आणि ग्रहणे यांचीही चित्रे असतात. त्यांच्यापैकी एखादा रात्री गच्चीवर दुर्बीण लावून शेजारच्या मुलांना शनीची कडी दाखवणारा असतो. तो गेला की दुकानाची पाटी बदलते, पेट्या माळ्यावर जातात आणि पुढे एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीबरोबर निघतात. शोकसभेत त्याच्याविषयी चार चांगले शब्द बोलले जातात. परंतु त्याच्या काचा कोणी मोजत नाही, त्याची वही कोणी उतरवून घेत नाही.

यासाठी मोठ्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेचे एक कपाट, महाविद्यालयातील एक प्रदर्शन, जिल्हा ग्रंथालयातील एक नोंदवही एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. प्रत्येक चित्रामागे तारीख, वेळ आणि गावाचे नाव लिहून घेण्याचे काम नववीचा विद्यार्थीही करू शकेल. १८९८ सालची सावली परभणीच्या मातीवरून निघून गेली. तिला थांबवणे कोणाच्याच हाती नव्हते. पण पुढच्या वेळी या जिल्ह्याच्या आकाशात जे दिसेल त्याची काच, वेळ आणि वही शिल्लक राहावी, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.