पडद्यावाचून सूर

आमच्या जव्हार-मोखाड्याकडील विद्यार्थ्यांस तारपा परिचित आहेच. त्याची भोके ठरलेली. फुंक घालून बोटे नेमकी ठेविली की सूर निघतो. सारंगीस भोके नाहीत व सतारीसारखे पडदेही नाहीत. नखाच्या मुळाने तात बाजूने दाबून, केवळ कानाच्या साक्षीने सूर शोधावा लागतो. बोट जवभर ढळले की बेसूर! म्हणूनच की काय, हे वाद्य फार काळ गायकाच्या साथीसच बसे. पंडित रामनारायण (१९२७–२०२४) यांनी त्यास एकट्याने बोलते केले. १९५४ साली मुंबईच्या श्रोत्यांनी त्यांस थोड्याच वेळात उठविले. १९५६ साली त्याच मुंबईत त्यांचे वादन वाखाणले गेले. २००५ साली त्यांस पद्मविभूषण लाभले. जेथे खूण नाही तेथे कान व साधना हीच खूण, हे आम्ही त्यांजपासून शिकावे.