ठाणे खाडीतील नौकाफेरी

ठाणे खाडी सुमारे 26 किलोमीटर लांब आहे. एका बाजूला मुंबई-ठाणे, दुसऱ्या बाजूला नवी मुंबई, आणि मधल्या पाण्याला कांदळवनाची किनार.

संरक्षण : ऐरोली आणि वाशी पुलांदरम्यानचे सुमारे 1,690 हेक्टर क्षेत्र 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले. मालवणनंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य. 2022 मध्ये खाडीला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

नौकाफेरी : वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात. फेरीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते. पूर्ण ओहोटीला बोट गाळात रुतू शकते, तर ऐन भरतीला चिखलपट्टे बुडतात आणि पक्षी दूर जातात. त्यामुळे बोटीपुरते पाणी आणि उघडा चिखल दोन्ही मिळतील, असा मधला काळ सर्वांत चांगला. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकत असल्याने वेळापत्रकही बदलत राहते.

पक्षी : रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, साधारण नोव्हेंबर ते मे या काळात मोठ्या संख्येने दिसतात. लहान रोहित पक्षी चोच उलटी बुडवून पाण्यातील सूक्ष्म शैवाल गाळून खातो. त्यातील रंगद्रव्यांमुळे पिसे गुलाबी होतात.

कांदळवन : काठावर तिवर मुबलक आहे. प्राणवायू नसलेल्या चिखलातून त्याची श्वसनमुळे वर येतात. ही झाडी गाळ धरून ठेवते, लाटांचा जोर कमी करते आणि मासे, कोळंबी व खेकड्यांच्या पिलांना आसरा देते. खाडीकाठच्या कोळीवाड्यांची मासेमारीही तिच्यावरच अवलंबून आहे.