भंगारात देण्याआधी जुना प्रिंटर तपासा

दूध संस्थेच्या किंवा सोसायटीच्या कचेरीत कोपऱ्यात धूळ खात पडलेला, खरखर आवाज करणारा जुना प्रिंटर पुष्कळ गावांत दिसतो. याला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर म्हणतात. चालत नाही म्हणून तो लगेच भंगारवाल्याच्या काट्यावर चढवू नये.

एप्सनच्या एलएक्स-३०० सारख्या प्रिंटरच्या हेडमध्ये तारेसारख्या बारीक ९ पिना असतात. त्या शाईच्या रिबनवर ठोके देतात आणि ठिपक्यांतून अक्षर उमटते. ठोका बसतो म्हणूनच खाली कार्बन ठेवला की दुसरी प्रत त्याच वेळी निघते. सभासदाच्या हाती पावती आणि संस्थेच्या दप्तरी तिचीच जोडप्रत. लिटर, फॅट, दर दोन्हींवर तेच. उद्या हिशेबाचा वाद निघाला तर दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहता येतात. लेसर किंवा इंकजेट प्रिंटर कार्बनवर प्रत काढू शकत नाही.

साफसफाई

प्रथम वायर काढून ठेवावी. मऊ ब्रशने धूळ व कागदाचे कण काढावेत. हेड ज्या दांडीवरून सरकते ती कोरड्या फडक्याने पुसावी. घट्ट ग्रीस थापू नये. त्यात धूळ बसून लगदा होतो. रबरी रूळ ओलसर फडक्याने पुसावा, त्याला रॉकेल किंवा डिझेल लावू नये. रिबन वाळली असेल तर नवी घालावी. शिक्क्याची शाई ओतून जुनी रिबन ओली करू नये. ती शाई वाळली की पिना अडकतात. फाटक्या रिबनमध्ये पिन अडकून मोडते.

चाचणी

संगणक न जोडता कागद घालावा. एलएक्स-३०० असेल तर ‘एलएफ/एफएफ’ बटण दाबून धरून प्रिंटर चालू करावा. तो आपोआप अक्षरे छापू लागेल. प्रत्येक अक्षरातून एकाच उंचीवर पांढरी आडवी रेघ जात असेल, तर एक पिन अडकली किंवा मोडली आहे असे समजावे. ते काम कारागिराचे. छपाई चालू असताना हेड तापते, त्याला हात लावू नये.

जोडणी

जुन्या प्रिंटरला मागे ३६ पिनांची रुंद पॅरलल जागा असते. नव्या संगणकावर तिच्या जोडीची जागा बहुधा नसते. त्यासाठी यूएसबी ते पॅरलल अशी केबल मिळते. प्रिंटर बंद ठेवूनच ती जोडावी. विंडोजमध्ये ‘जेनेरिक/टेक्स्ट ओन्ली’ निवडल्यास साधी इंग्रजी अक्षरे व आकडे झटपट छापले जातात. मराठी मजकुरासाठी मात्र एप्सनचा ९ पिनांचा ड्रायव्हर निवडावा. मग अक्षरे चित्राच्या रूपात जातात. छपाई हळू होते, पण मराठी वाचता येते.

चाचणीत अक्षर स्वच्छ उमटले, तर रिबन आणि केबल एवढ्यावरच काम भागते. नवे यंत्र घेण्याचा ठराव मांडण्यापूर्वी संचालक मंडळाने ही चाचणी जरूर करून पाहावी. पैसा अखेर सभासदांचाच आहे.