तीनशे यार्डांवरची खार

प्रेअरी डॉग हा खारीच्या कुळातला, साधारण किलोभर वजनाचा प्राणी. अमेरिकेत मोंटाना-डकोटापासून टेक्सासपर्यंतच्या गवताळ मैदानांवर तो बिळांच्या मोठमोठ्या वसाहती करून राहतो. मागच्या पायांवर उभा राहिला तरी उंची जेमतेम फूटभर. पशुपालकांच्या लेखी तो कुरणाचा शत्रू. अनेक राज्यांत त्याची गणना उपद्रवी प्राण्यांत होते. माणसाची चाहूल लागताच तो बिळात शिरतो, म्हणून नेम २०० ते ४०० यार्डांवरून धरावा लागतो. लहान कॅलिबरच्या वेगवान रायफली घडल्या त्या या अडचणीतून, आणि पूर्वेकडच्या शेतांत बिळे करणाऱ्या वुडचकच्या शिकारीतून.

१९३० मध्ये बाजारात आलेले .२२ हॉर्नेट हे काडतूस दीड-दोनशे यार्डांपर्यंतच भरवशाचे होते. १९३५ मध्ये विंचेस्टरने .२२० स्विफ्ट आणले. त्याची ४८ ग्रेनची, म्हणजे सुमारे ३.१ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४,१०० फुटांच्या वेगाने सुटे. ४,००० फुटांचा टप्पा ओलांडणारे हे पहिले व्यापारी काडतूस. नळी लवकर झिजवते, ही त्याची बदनामी मात्र कायमची राहिली. रेमिंग्टनच्या माइक वॉकर यांनी तयार केलेले .२२२ (१९५०) सौम्य आणि कमालीचे अचूक होते. .२२-२५० हे तर हौशी मंडळींनी .२५० सॅव्हेजच्या पुंगळीची मान आवळून घडवलेले. रेमिंग्टनने ते कारखान्यात बनवायला घेतले १९६५ मध्ये.

एवढा वेग कशासाठी? .२२-२५० ची ५५ ग्रेनची गोळी ३०० यार्ड सुमारे ०.३ सेकंदात कापते. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला जवळपास अर्धा मीटर खाली ओढते. हा हिशेब सोपा, कारण तो बदलत नाही. अंतर कळले की दुर्बिणीत तेवढी भरपाई करता येते. खरी परीक्षा वाऱ्याची. गोळी वाऱ्यात किती काळ होती यावर तिचे ढळणे अवलंबून असते, असे वाटते. प्रत्यक्षात ते हवेच्या रोधामुळे तिला लागलेल्या जादा वेळावर ठरते. ताशी १० मैलांचा आडवा वारा या गोळीला ३०० यार्डांवर सुमारे फूटभर ढकलतो. लक्ष्याची रुंदी त्याच्या निम्मीही नसते. त्यामुळे मुरलेला नेमबाज गवताचे डुलणे आणि तापलेल्या जमिनीवरच्या हवेची थरथर वाचतो. जड, जाड नळी लवकर तापत नाही, पण तिच्या वजनामुळे या रायफली खांद्यावर वागवायच्या नसून बाकावर टेकवून चालवायच्या असतात. गोळीचे आवरण पातळ असते. जमिनीवर आपटताच ती फुटते आणि उसळून दूर जाण्याचा धोका कमी होतो.

प्राणी उपद्रवी आहे हे मात्र इतक्या अचूकतेने कुणी मोजले नव्हते. १९०२ मध्ये सी. हार्ट मेरियम यांनी तो कुरणाची उत्पादकता निम्म्याहून अधिक घटवतो असे लिहिले आणि पुढे सरकारी विषप्रयोग सुरू झाले. नंतरच्या संशोधनात चित्र पालटले: वसाहतीतले गवत आखूड असले तरी अधिक प्रथिनयुक्त असते आणि बायसन मुद्दाम तिथे चरतात. गोळी आणि विषाहून भयंकर ठरला प्लेग. १८९६ मध्ये मुंबईत आलेल्या त्याच जागतिक साथीने १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्को गाठले. आजही तो शिरला की बहुतेक वसाहत मरते. तिच्याबरोबर संपतो तो तिच्यावर जगणारा काळ्या पायांचा फेरेट. १९८१ मध्ये वायोमिंगमधील मिटीट्सीजवळ तो पुन्हा सापडला, पण १९८७ पर्यंत पकडून सांभाळलेले अवघे १८ उरले होते. म्हणून दक्षिण डकोटातील कोनाटा खोऱ्यात, जिथे फेरेट पुन्हा सोडले, सार्वजनिक जमिनीवर प्रेअरी डॉगवर गोळी झाडायला मनाई आहे.

फुटणाऱ्या गोळीचा गुणच तिचा दोष ठरला. मृत प्राण्यात शिशाचे कण विखुरतात आणि ते खाणाऱ्या गरुड-ससाण्यांना विषबाधा होऊ शकते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून वन्यप्राण्यांवर शिशाची गोळी वापरता येत नाही. तिथल्या जमिनीवरच्या खारींनाही हाच नियम. पण शिशाऐवजी वापरायचे तांबे हलके, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते, आणि १४ इंचांत एक फेरा देणाऱ्या जुन्या नळ्यांतून ती डळमळते. मग ३५-४० ग्रेनची गोळी घ्यावी लागते, आणि ती वाऱ्याने आणखी ढळते.